प्लग गरम का होतो? हे सगळ्यात आधी पाण्यात मोजणारा बीअरवाला, जेम्स जूल

आमच्या भातकुलीत मे महिन्यात रात्री अकरा वाजताही भिंतीला हात लावला तर भिंत गरमच लागते. अशा दिवसांत बोर्डातला एखादा प्लग तापलाय हे कुणाच्या लक्षात येणार? मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी तेच झालं. घरात पाहुणे आले होते आणि नेमका गॅस संपला. म्हणून माळ्यावरची इंडक्शन शेगडी काढली आणि ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर कूलर चालू होता त्याच बोर्डावर शेजारी लावली. भात झाला, वरण झालं, भाजी टाकली आणि जळका वास यायला लागला. आधी वाटलं फोडणी करपली. मग बोर्डाकडे लक्ष गेलं. सॉकेटभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं आणि प्लगची एक पिन आत चिकटून बसली होती. मेन स्विच बंद केला, तासभर थांबलो, तेव्हा कुठे तो प्लग पकडीने ओढून निघाला.

जेवणं उशिरा झाली, एवढंच नुकसान. पण मला एक प्रश्न छळत राहिला. एमसीबी पडली का नाही? ती तर याचसाठी बसवलेली असते ना? बोर्ड वितळायला आला तरी ती ढिम्म हलली नाही.

याचं उत्तर शोधताना मी जाऊन पोचलो १८४० सालात, इंग्लंडमधल्या साल्फर्ड गावातल्या एका बीअरच्या कारखान्यात. तिथल्या मालकाच्या मुलाने हे कोडं वयाची बावीस वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच सोडवलं होतं. त्याचं नाव तुम्ही शाळेत नक्की ऐकलंय, कारण ऊर्जेच्या एककाला तेच नाव आहे. जेम्स प्रेस्कॉट जूल. आपल्याला तो परीक्षेत दोन मार्कांपुरता भेटतो आणि मग विसरायला होतो. मला तो वितळलेल्या सॉकेटमुळे परत भेटला.

शाळेत न गेलेला पोरगा

जूलचा जन्म २४ डिसेंबर १८१८ चा. साल्फर्ड हे मँचेस्टरला अगदी चिकटून असलेलं गाव, मध्ये फक्त एक नदी. घरचा बीअरचा धंदा जोरात होता, पैशाची ददात नव्हती. पण पोराच्या पाठीच्या कण्यात लहानपणापासून दोष होता, तब्येत नाजूक होती, स्वभाव बुजरा. त्यामुळे शिक्षण घरीच. पुढे १८३४ साली वडिलांनी त्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला शिकवणीला पाठवलं. शिक्षक कोण, तर जॉन डाल्टन. हो, अणुसिद्धांतवाला डाल्टन! म्हातारपणी तो मँचेस्टरमध्ये खासगी शिकवण्या घ्यायचा. त्याने या दोन भावांना मुख्यतः अंकगणित आणि भूमिती शिकवली. १८३७ मध्ये डाल्टनला पक्षाघाताचा झटका आला आणि शिकवणी थांबली.

जूलने पुढे कुठलीही पदवी घेतली नाही. कुठल्याही विद्यापीठात प्राध्यापक झाला नाही. दिवसा कारखान्याचं काम आणि उरलेल्या वेळात प्रयोग. वडिलांनी घरातच प्रयोगाला जागा करून दिली होती. दोघे भाऊ लहानपणी विजेचे झटके एकमेकांना आणि घरच्या नोकरांना देऊन बघायचे, असं सांगतात. हे वाचून माझी त्याच्याशी लगेच दोस्ती झाली. तुमच्यापैकी किती जणांनी लायटरमधलं टिकटिक करणारं यंत्र काढून भावंडांना चटके दिलेत, खरं सांगा.

बीअर करताना एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे तापमान. अंशभर इकडेतिकडे झालं की माल बिघडतो. त्यामुळे जूलला थर्मामीटर वाचायची जी सवय लागली ती त्या काळच्या बऱ्याच नावाजलेल्या शास्त्रज्ञांना नव्हती. पुढे मँचेस्टरच्या डान्सर नावाच्या कारागिराने त्याला इतके बारीक थर्मामीटर करून दिले की अंशाचे अगदी सूक्ष्म भागसुद्धा तो वाचू शकायचा. त्याचे आकडे पाहून पुढे अनेकांचा विश्वासच बसला नाही.

इंजिन बदलायला निघाला आणि तारेत अडकला

उष्णता मोजायचं मात्र त्याच्या डोक्यात नव्हतं. त्याला कारखान्यातलं वाफेचं इंजिन काढून तिथे विजेची मोटर बसवायची होती. १८३८ साली, म्हणजे एकोणीस वर्षांचा असताना, मोटरवरचा त्याचा पहिला लेख छापून आला. तेव्हा वीज तारांवरून घरी येत नव्हती. बॅटरी करायची, तिच्यात जस्त गळत जाणार, त्यातून वीज मिळणार. जूलने हिशोब मांडला. एवढं जस्त जाळून एवढं काम होतं, तेवढ्याच वजनाच्या कोळशात वाफेचं इंजिन किती काम करतं? कोळसा कितीतरी पुढे निघाला, वर जस्त महाग. धंदेवाल्याचा मुलगा, त्याने आकडा बघितला आणि स्वप्न गुंडाळून ठेवलं.

पण मोटरशी खेळताना त्याला एक गोष्ट खटकत होती. तारा गरम होतात. ती वीज फुकट जाते. किती जाते? कशावर अवलंबून असते?

मग त्याने काय केलं ते बघा, कारण आजच्या आपल्या बोर्डाचं सगळं गणित त्यातच आहे. काचेच्या नळीवर धातूची तार गुंडाळली आणि ती नळी पाण्याच्या भांड्यात बुडवली. पाणी मोजून घेतलेलं. तारेतून करंट सोडला आणि ठराविक वेळात पाणी किती तापलं ते पाहिलं. मग तार बदलली. कधी तांब्याची, कधी लोखंडाची, कधी जाड, कधी बारीक. करंट मोजायलाही तेव्हा बाजारात तयार मीटर नव्हतं, अँपिअर हे एकक ठरलेलं नव्हतं. त्याने आपलं मीटर स्वतः केलं आणि किती पाण्याचं विजेने विघटन होतं यावरून आपलं मापही स्वतः ठरवलं.

निकाल दोन निघाले. पहिला सरळ होता. करंट तेवढाच ठेवला तर तारेचा रोध, म्हणजे आपण रेझिस्टन्स म्हणतो तो, जितका जास्त तितकी उष्णता जास्त. दुसरा मात्र सगळ्यांची दांडी उडवणारा. करंट दुप्पट केला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट केला तर नऊपट. करंटचा वर्ग गुणिले रोध, हाच तो जूलचा नियम. त्याने तो १८४० च्या डिसेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला. त्यांनी त्याचा फक्त छोटासा सारांश छापला. पूर्ण लेख त्याला पुढच्या वर्षी दुसऱ्या नियतकालिकात छापून घ्यावा लागला. रशियात लेन्झ यानेही थोड्याच काळात स्वतंत्रपणे हेच शोधलं, म्हणून काही देशांत दोघांचंही नाव लावतात.

आता आमच्या बोर्डाकडे येऊ

इंडक्शन शेगडी २००० वॅटची. घरात २३० व्होल्ट येतात असं धरलं तर करंट होतो जवळपास ९ अँपिअर. कूलरचा एक अँपिअरही होत नाही. त्यामुळे तोच बोर्ड, तेच सॉकेट, वर्षानुवर्षं कूलर चालवत होतं तेव्हा काहीच झालं नाही. आम्हाला वाटायचं बोर्ड चांगला आहे. तो कधी तपासलाच गेला नव्हता.

सॉकेटच्या आत पितळेच्या दोन पट्ट्या असतात, त्या पिनेला चिमट्यासारख्या धरतात. पकड घट्ट असेल तर त्या जागेचा रोध नगण्य असतो. समजा ओहमचा शंभरावा भाग. ९ अँपिअर जाताना तिथे वॅटभरसुद्धा उष्णता होत नाही. आता तीच पकड ढिली झाली, पट्टीवर गंज चढला, आणि रोध अर्धा ओहम झाला असं धरा. जूलचं गणित लावा. नऊचा वर्ग ८१, त्याच्या निम्मे, म्हणजे ४० वॅट. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात डाग द्यायला जी सोल्डरिंग आयर्न वापरतात ती साधारण २५ वॅटची असते. म्हणजे प्लास्टिकच्या त्या चिमुकल्या डबीत दीडेक सोल्डरिंग आयर्न चालू करून ठेवल्यासारखं झालं. त्याच ढिल्या जागी एकटा कूलर असता तर उष्णता अर्ध्या वॅटच्याही आत राहिली असती. हा वर्गाचा खेळ आहे. करंट नऊपट, उष्णता एक्याऐंशीपट.

एमसीबीचं उत्तरही इथेच मिळालं. ती फक्त करंट बघते. आमच्या लाइनवरची एमसीबी १६ अँपिअरची. तिच्या दृष्टीने ९-१० अँपिअर म्हणजे सगळं आलबेल. उलट ढिल्या जोडामुळे रोध वाढला की करंट किंचित कमीच होतो. सॉकेटमध्ये आग पेटायला आली तरी तिला ते कळायचं काही साधनच नाही. ईएलसीबी किंवा आरसीसीबी असेल तर ती करंट जमिनीत गळतोय का एवढं बघते, त्यामुळे या बाबतीत तीही आंधळी. गंमत म्हणजे एमसीबीच्या पोटात जी दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि स्विच पाडते, ती जूलच्याच नियमावर चालते. जुन्या फ्यूजची तारही तशीच. पण ती स्वतःची उष्णता ओळखते, तुमच्या सॉकेटची नाही.

म्हणून वायरमन लोक बोर्डाला हात लावून बघतात ते उगीच नाही. जड उपकरण दहा-पंधरा मिनिटं चालवून ते बंद करा आणि प्लगच्या प्लास्टिकला बाहेरून हात लावा. कोमट लागलं तर ठीक. हात ठेववत नसेल, रंग बदललेला असेल, मासळीसारखा किंवा जळका वास येत असेल, तर ते सॉकेट गेलं. ते बदलायचंच. पट्टी एकदा तापली की तिचा स्प्रिंगपणा जातो, पकड अजून ढिली होते, गंज अजून चढतो, रोध अजून वाढतो. चक्र सुरू झालं की थांबत नाही. पकडीने पट्टी दाबून पुन्हा वापरणारे मी पाहिलेत. प्लग न लावता वायरची उघडी टोकं सॉकेटमध्ये खुपसून काडेपेटीच्या काड्या ठोकणारेही पाहिलेत, मांडवात तर सर्रास. काडी सुकली की जोड ढिला आणि बाजूला पेटायला काडी तयार!

साल्फर्डमध्ये पंधरा अंश, आमच्याकडे पंचेचाळीस

आपल्या घरातल्या साध्या वायरींवर जे पीव्हीसीचं आवरण असतं ते साधारण ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालेल असं धरून केलेलं असतं. जूलच्या गावात खोलीत १५ अंश असतील तर वायरीला तापायला ५५ अंशांची मोकळीक. अमरावती-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर गेला की उरतात फक्त २५. तोच करंट, तीच वायर, तेवढीच उष्णता, पण आपण शर्यतीला निम्म्या वाटेवरून सुरुवात करतो. पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका.

आणि आमच्याकडे आणखी एक भानगड आहे. भातकुली, दर्यापूर हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. बोअरचं पाणी खारट. तेच कूलरमध्ये पडतं, ताटीवर पांढरा खार धरतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण तेच पाणी उडून कूलरच्या पंपाच्या पिनेवरही बसतं. पिन काढून बघा, पांढरा-हिरवट थर दिसेल. तो थर म्हणजेच वाढलेला रोध. कूलरचा करंट कमी म्हणून तिथे लगेच जळत नाही. पण पाहुणे येतात, गॅस संपतो, आणि त्याच बोर्डात कुणीतरी इंडक्शन लावतं.

वायरीचंही तेच. स्वस्त एक्स्टेन्शनमध्ये बहुतेक वेळा पाऊण चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असते. पाच मीटरच्या अशा वायरीत जाणं-येणं मिळून दहा मीटर तांबं, त्याचा रोध साधारण पाव ओहम. ९ अँपिअर सोडला की वीस-एकवीस वॅट त्या वायरीतच मुरतात. पसरून ठेवली तर प्रत्येक मीटरला चार वॅट, हवेत निघून जातात, वायर नुसती ऊबदार होते. तीच वायर गुंडाळी करून गादीखाली सरकवली, तर वीस वॅट एका जागी कोंडले. अडीच चौरस मिलिमीटरची वायर असती तर हेच सहा-सात वॅटवर आलं असतं. काही स्वस्त वायरींत तर वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असतं, त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. चाकूने टोक खरवडलं की आत चंदेरी दिसतं.

कुणी ऐकायला तयार नव्हतं

पुन्हा जूलकडे. तारेतली उष्णता मोजल्यावर त्याला त्याहून मोठा प्रश्न पडला. ही उष्णता येते कुठून? त्या काळी बरेच विद्वान मानायचे की उष्णता म्हणजे न दिसणारा एक पातळ पदार्थ आहे. तो एका वस्तूतून दुसरीत वाहतो, नवा तयार होत नाही आणि नाहीसाही होत नाही. जूलने वजनांच्या ओढीने फिरणाऱ्या छोट्या यंत्राने वीज तयार केली आणि त्या विजेने पाणी तापवलं. तिथे बॅटरी नव्हती, जळणारं काही नव्हतं. वजन खाली आलं आणि पाणी तापलं, एवढंच. मग हा पदार्थ आला कुठून? त्याने निष्कर्ष काढला की काम खर्च झालं की उष्णता होते, आणि दोघांचा भाव ठरलेला आहे.

१८४३ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क इथल्या सभेत त्याने हे मांडलं. सभा गप्प. १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्याचा पुढचा एक निबंध छापायला नकार दिला. तो मागे हटला नाही. आता त्याने वीजही काढून टाकली. तांब्याच्या भांड्यात पाणी, पाण्यात रवीसारखी फिरणारी पाती, आणि पात्यांना दोरीने बांधलेली वजनं. वजनं खाली येतात, पाती पाणी घुसळतात, पाणी तापतं. आपल्याकडे ताक घुसळताना ते हाताला तापलेलं जाणवत नाही, आणि जूलच्या भांड्यातही फरक जेमतेम अंशाच्या आतला होता. तो त्याने बीअरवाल्याच्या डोळ्याने वाचला.

१८४७ मध्ये त्याने मँचेस्टरमधल्या एका चर्चच्या वाचनालयात साध्या लोकांसमोर व्याख्यान दिलं. ते छापायला शास्त्रीय नियतकालिकं नव्हती, म्हणून स्थानिक वर्तमानपत्रात आलं. तिथे त्याचा भाऊ संगीतावर लिहायचा, म्हणून जमलं. त्याच वर्षी जूनमध्ये ऑक्सफर्डच्या सभेत अध्यक्षांनी त्याला थोडक्यात आटपायला सांगितलं. तेव्हाही प्रकरण तसंच विरलं असतं. पण श्रोत्यांत विशीतला एक तरुण प्राध्यापक बसला होता, विल्यम थॉमसन, जो पुढे लॉर्ड केल्विन झाला. त्याला ते पटलं नव्हतं, पण हा माणूस काहीतरी मोठं सांगतोय एवढं कळलं. त्याने प्रश्न विचारले आणि सभा जागी झाली. पुढे दोघांनी कितीतरी वर्षं एकत्र काम केलं. फ्रिज आणि एसीमध्ये दाबाखालचा वायू सुटून गार होतो त्याच्याशी जवळचं नातं असलेला जूल-थॉमसन परिणाम हे याच जोडीचं काम.

त्याच ऑगस्टमध्ये जूलने अमेलिया ग्राइम्सशी लग्न केलं आणि दोघे आल्प्सच्या डोंगरात फिरायला गेले. तिथे थॉमसनला तो वाटेत भेटला. थॉमसन नंतर गोष्ट सांगायचा की नवरदेवाच्या हातात लांबलचक थर्मामीटर होता आणि तो धबधब्याच्या वरचं आणि खालचं पाणी मोजायला निघाला होता. अभ्यासकांना या गोष्टीत मीठमसाला वाटतो. बेत मात्र खरा होता, कारण पडणारं पाणी खाली आल्यावर किंचित तापलेलं असणार हे त्याच्याच सिद्धांतातून निघत होतं.

१८५० साली त्याचा मोठा निबंध रॉयल सोसायटीने छापला आणि त्याच वर्षी त्याला सभासद करून घेतलं. त्याने काम आणि उष्णता यांचा जो भाव काढला होता तो आजच्या आकड्याच्या एका टक्क्याच्या आत बसतो. पाण्याचं भांडं, दोरी आणि वजनं, बस्स.

नंतरची वर्षं फार सुखाची गेली नाहीत. १८५४ मध्ये अमेलिया गेली. लहान मुलं मागे राहिली. त्याच सुमारास घरचा बीअरचा कारखानाही विकला गेला. तो आणखी एकलकोंडा झाला, पण प्रयोग चालूच होते. १८५६ मध्ये त्याने लोखंडी तारांच्या जुडीतून करंट सोडून त्या वितळवून एकजीव केल्या. आज गाड्यांचे पत्रे जोडायला जी स्पॉट वेल्डिंग वापरतात तिचं हे बाळरूप. मला मात्र ते वाचताना सॉकेटमध्ये चिकटलेली आमची पिनच दिसत होती. दोन धातू जिथे नुसते टेकतात तिथे रोध जास्त, म्हणून तिथेच उष्णता सगळ्यात जास्त. कारखान्यात हे मुद्दाम करतात. आमच्या स्वयंपाकघरात ते आपोआप झालं.

मोबाइलवाल्यांसाठी एक वळसा

करंटचा वर्ग एवढा महाग पडतो म्हणूनच गावाबाहेरच्या तारांवर ११ हजार व्होल्ट आणि त्याहून जास्त दाब असतो. व्होल्टेज वाढवलं की तेवढीच ऊर्जा कमी करंटमध्ये पाठवता येते. करंट निम्मा, तारेतली नासाडी चौथा हिस्सा. मग डीपीवर ते उतरवून घरात देतात. तुमचा ६५ वॅटचा चार्जरही साधारण हेच करतो, ५ व्होल्टऐवजी २० व्होल्ट देतो म्हणजे करंट सव्वातीन अँपिअरवरच राहतो. काही कंपन्या व्होल्टेज कमी ठेवून करंट वाढवतात, म्हणून त्यांच्या केबल जाड असतात आणि दुसरी बारीक केबल लावली की फोन फास्ट चार्ज होत नाही. तो नखरा नाही, जूलची भीती आहे. फोनच्या चार्जिंगच्या भोकात खिशातला कापूस-धूळ बसते, पिन अर्धवट टेकते आणि तिथेच तापते. आमच्याकडे कपाशीच्या हंगामात तर हमखास. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, सुईने नाही.

थडग्यावरचा आकडा

१८६७ च्या सुमारास जूलला एक काम देण्यात आलं. उष्णतेचा तोच भाव पुन्हा काढायचा, पण यावेळी विजेने तार तापवून, म्हणजे त्याच्या तरुणपणीच्या नियमाने. रोधाचं प्रमाण म्हणून शास्त्रज्ञांच्या समितीने तयार केलेला नवा ओहम वापरायचा. उत्तर आलं ७८३. त्याचं जुनं, पाणी घुसळून काढलेलं उत्तर होतं ७७२. फरक दीड टक्क्याच्या आत. दुसरा कुणी असता तर सोडून दिला असता. पण एकतर त्याची रवी चुकली होती, नाहीतर समितीचा ओहम.

साठीला टेकलेल्या माणसाने पुन्हा पाणी घुसळायला घेतलं. भांडी नवी, वजनं नवी, काळजी आधीपेक्षा जास्त. १८७८ मध्ये आकडा आला ७७२.५५. म्हणजे चूक त्याच्याकडे नव्हती. पुढे इतरांनी तपासलं तेव्हा समितीचा ओहमच एक टक्क्याहून थोडा जास्त चुकलेला निघाला.

तोवर घरचा पैसा संपत आला होता. १८७८ मध्येच सरकारने त्याला वर्षाला २०० पौंडांची पेन्शन दिली. १८८९ साली विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ऊर्जेच्या एककाला जूल हे नाव दिलं. तुमच्या लाइटबिलातलं एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला तो सेल गावातल्या राहत्या घरी गेला. जवळच्या ब्रुकलँड्स दफनभूमीत त्याचं थडगं आहे. त्यावर त्याच्या नावाबरोबर आकडा कोरलाय, ७७२.५५.